पाण्याची पाळी आणि पंगतीचे टोक : लडाखच्या डोंगरी बौद्ध जीवनाचा इतिहास



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी बुद्धचरित्र, बाबासाहेबांचे लढे आणि आपल्या वस्तीचा इतिहास यांवर लेख येतातच. ते आलेच पाहिजेत. पण या वेळी आम्ही ठरवले की वाचकांना थोडे लांब न्यावे. आपल्या भिंतीवरच्या नकाशात अगदी वरच्या टोकाला जो लडाख दिसतो, तिथली बौद्ध माणसे रोजचे दिवस कसे काढत आली, काय खातात, काय नेसतात, पाणी कसे वाटून घेतात, सण कसे करतात, याचा इतिहास मांडावा. आम्ही काही प्राध्यापक नव्हे. गिरणीची पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचले, जाणत्यांकडून जे ऐकले, त्यातून हे लिहिले आहे. परंतु हा लेख नुसता माहितीसाठी नाही. लडाखच्या इतिहासात आपल्यासाठी एक शिकवण आहे आणि एक इशाराही आहे. तो शेवटी सांगू.

थंड वाळवंट

लडाख म्हणजे हिमालय आणि काराकोरम या पर्वतांच्या रांगांमधला उंच मुलूख. मधून सिंधू नदी वाहते. लेह हे मुख्य शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी लेहच्या बाजारपेठेची उंची गाठायला थोडी कमीच पडेल!

एवढा उंच मुलूख, म्हणजे भरपूर पाऊस असेल असे वाटते. पण तसे नाही. ढग हिमालयाच्या अलीकडेच रिकामे होतात. लेहला वर्षभरात सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो. मुंबईत जुलै महिन्यात एकेका दिवसात तेवढा कोसळतो. हिवाळ्यात थंडी शून्याखाली वीस-वीस अंशांपर्यंत उतरते. चार-पाच महिने शेतात काही होत नाही. डोंगर उघडेबोडके. जिथे बर्फाच्या वितळलेल्या पाण्याचा ओढा खाली येतो, तेवढ्याच जागी हिरवे गाव दिसते. बाकी सगळी माती आणि दगड.

२०११ च्या जनगणनेत सगळ्या लडाखची लोकसंख्या २,७४,२८९ होती. मुंबईचा एखादा वॉर्डसुद्धा याहून मोठा भरेल. लेह जिल्ह्यात बौद्ध जास्त, कारगिल जिल्ह्यात मुसलमान जास्त. दोघांची भाषा, जेवण आणि शेती पुष्कळशी सारखीच. पूर्वी हा भाग जम्मू-काश्मीर राज्यात होता. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून तो वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला.

धम्म तिथे कसा पोचला

आपल्याकडे कार्ला, भाजा, जुन्नरच्या लेण्यांत जसा धम्माचा इतिहास दगडात कोरलेला आहे, तसाच तो लडाखमध्येही दगडात आहे. सिंधूच्या काठी खलत्से येथे कुषाण काळातला खरोष्ठी लिपीतला लेख सापडला. कारगिलहून लेहला जाताना मुलबेख गावी रस्त्याच्या कडेलाच उभ्या कड्यात कोरलेली मैत्रेयाची भव्य मूर्ती आहे. पुढे महाअनुवादक रिन्चेन झांग्पो (९५८ ते १०५५) यांच्या काळात या पश्चिम हिमालयात संस्कृत ग्रंथांचे तिबेटी भाषेत भाषांतर करण्याचे फार मोठे काम झाले. आल्ची गावचे विहार, त्यातली भिंतीवरची चित्रे ही त्या परंपरेची साक्ष. लक्षात घ्या, भारताच्या मैदानात धम्माचा दिवा विझत चालला होता, त्याच काळात या डोंगरात तो जपला जात होता.

सतराव्या शतकात राजा सेंगे नामग्याल याने लेहचा नऊमजली राजवाडा उभारला. हेमिसचा मोठा गोन्पाही त्याच काळातला. गोन्पा म्हणजे भिक्खूंचा मठ. १८३४ साली जम्मूच्या डोगरा राजाचा सेनापती जोरावरसिंग चालून आला आणि लडाखचे स्वतंत्र राज्य संपले. नंतर सामान्य माणसाच्या वाट्याला काय आले? सरकारी माणसांचे आणि व्यापाऱ्यांचे ओझे डोंगर ओलांडून वाहण्याची बेगार. वेठबिगार म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांना कोणी पुस्तकातून शिकवायला नको होते. तीच गोष्ट तिथल्या शेतकऱ्याचीही होती.

पाण्याची पाळी

आता रोजच्या जगण्याकडे येऊ. लडाखी गावाचा जीव पाण्यात. वर हिमनदी वितळते, ओढ्याला पाणी येते, ते पाटाने शेतात आणायचे. पाटाला तिथे ‘युरा’ म्हणतात आणि रात्री वाहून जाणारे पाणी साठवायच्या तळ्याला ‘झिंग’. मे-जूनमध्ये पेरणीच्या वेळी नेमके पाणी थोडे आणि मागणी मोठी. अशा वेळी ज्याच्या मनगटात जोर त्यानेच पाणी घेतले असते तर गावेच्या गावे उठली असती. म्हणून त्यांनी पाळी ठरवली. आज या घराची, उद्या त्या घराची. आधी वरच्या आळीची, मग खालच्या आळीची. ही पाळी पाळली जाते की नाही हे बघायला गाव एक माणूस नेमतो. त्याला ‘चुरपोन’ म्हणतात. चुरपोन हे काही वंशपरंपरेचे वतन नाही. गावकरी तो ठरवतात, पुष्कळ ठिकाणी हे काम घरोघर फिरते आणि त्याबद्दल त्याला धान्य मिळते. पाळी मोडली तर दंड.

आपल्या धुळे-नाशिककडच्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. पांझरा नदीच्या फड पद्धतीत पाटकरी असाच पाणी मोजून देतो. आणि आम्हा गिरणीवाल्यांना ‘पाळी’ हा शब्द तर भोंग्यासकट पाठ! एका माणसाने साचा सोडायचा, दुसऱ्याने धरायचा. काम थांबता कामा नये.

गुरे राखण्याचेही तसेच. प्रत्येक घराच्या चार-दोन शेळ्या-मेंढ्या. त्यांच्यासाठी प्रत्येकाने वेगळा माणूस कशाला अडकवायचा? पाळीपाळीने एकेका घराने साऱ्या गावाचा कळप डोंगरावर न्यायचा. उन्हाळ्यात काही माणसे उंचावरच्या कुरणात जाऊन राहतात, लोणी काढतात, ‘छुरपे’ नावाचे वाळवलेले चीज करतात आणि ते हिवाळ्यासाठी खाली आणतात.

घर, चूल आणि माग

घर मातीच्या विटांचे, धाब्याचे. खाली गुरे, वर माणसे. गच्चीवर गवत आणि जळण रचून ठेवलेले. घराचे काळीज म्हणजे स्वयंपाकघर, कारण हिवाळ्यात सारे घर तिथेच चुलीभोवती बसते. चुलीत शेणाच्या गोवऱ्या आणि झाडपाला. लाकूड इतके मोलाचे की ते घर बांधायला राखून ठेवतात. घरातच कोरडा संडास असतो. वर माती-राख टाकायची, खाली खत तयार होते आणि वसंतात शेतात जाते. पाण्याचा थेंब लागत नाही, काही वाया जात नाही. आज पर्यावरणाच्या नावाने मोठमोठ्या परिषदा भरतात. पण हा धडा त्या आयाबायांनी कधीच गिरवला होता.

मुख्य धान्य जव. ते गरम वाळूत भाजायचे, ओढ्यावरच्या पाणचक्कीत दळायचे. या भाजलेल्या पिठाला ‘ङम्फे’ म्हणतात. आपले सातूचे पीठच म्हणा ना. ते चहात कालवून खातात. चहा कसला, तर मीठ आणि लोणी घातलेला, लाकडी नळकांड्यात घुसळलेला. घुसळताना होणाऱ्या आवाजावरून त्याचे नाव ‘गुरगुर चहा’. थंडीत अंगात ऊब राहते ती या लोण्याने. कणकेचे गोळे भाज्यांच्या रश्श्यात शिजवले की ‘स्क्यू’ होतो, जवळपास आपल्या वरणफळांसारखा. आणि आंबवलेल्या जाड भाकरीचे नाव काय, तर ‘खंबीर’! सिंधूच्या खालच्या बाजूच्या गावांत जर्दाळूची झाडे. जर्दाळू वाळवून हिवाळ्याला पुरवायचे, बियांचे तेल काढायचे.

आम्ही सूतगिरणीत आयुष्य घालवलेली माणसे, म्हणून कपड्यांबद्दल थोडे जास्त लिहितो. लडाखी बायका हातात टकळी घेऊन चालता-चालता, गुरे राखता-राखता लोकर कातत. रिकामा हात दिसतच नसे. पुरुषही कातत, पण याक आणि शेळीचे जाड केस. त्यांच्या दोऱ्या, पोती, तंबू होत. लोकरीचे जाड कापड ‘नंबू’ हे पायाने दाबायच्या लाकडी मागावर पुरुष विणत. घरोघरी जाऊन विणून देणारा विणकरही असे. कापडाचा पन्हा अगदी अरुंद, म्हणून पट्ट्यांना पट्ट्या जोडून ‘गोन्चा’ हा लांब झगा शिवत आणि कमरेला शेला बांधत. चांगथांगच्या उंच पठारावरचे चांग्पा हे भटके पशुपालक, त्यांच्या बायका कमरेला पट्टा बांधून आडव्या मागावर विणतात. जिच्या नावाने जगभर शाली विकल्या जातात ती पश्मीना त्यांच्याच शेळ्यांच्या अंगावरची. शेळी त्यांची, थंडी त्यांची. मोठा नफा मात्र शतकानुशतके दुसऱ्याचा. कामगाराला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

स्त्रियांच्या डोक्यावर ‘पेरक’ असतो. चामड्याच्या लांब पट्टीवर पिरोजाचे निळे-हिरवे खडे जडवलेले. तो आईकडून थोरल्या मुलीकडे जातो. म्हणजे घरातली एक मोठी मिळकत बाईच्या हातून बाईच्या हाती जाते.

जमीन थोडी, म्हणून ती तुटू नये यासाठी त्यांनी एक वेगळी चाल ठेवली होती. घर थोरल्या मुलाकडे जाई. धाकटे भाऊ त्याच्याच लग्नात सामील होत, म्हणजे दोघा-तिघा भावांची एकच पत्नी. एखादा मुलगा गोन्पात जाई. आईबाप म्हातारे झाले की शेजारच्या लहान घरात राहायला जात. आपल्याला हे ऐकून नवल वाटेल. पण थोड्या जमिनीवर तोंडे वाढू नयेत ही त्यामागची गरज होती. १९४१ साली कायद्याने या बहुपतित्वाला बंदी आली आणि हळूहळू ती चाल मागे पडली.

फास्पुन : सुखदुःखाची सोबत

लडाखी समाजात ‘फास्पुन’ नावाची एक फार सुंदर व्यवस्था आहे. काही घरांचा मिळून एक फास्पुन. ही घरे एकाच कुलदैवताला मानतात, परंतु ती एकमेकांच्या रक्ताचीच असली पाहिजेत असे नाही. एखाद्या घरात मूल जन्मले, लग्न निघाले की फास्पुनची माणसे कामाला उभी राहतात. आणि मयत झाली तर? घरच्यांनी फक्त दुःख करायचे. मृतदेह बांधणे, उचलणे, दहन करणे हे सारे फास्पुनने करायचे.

आपल्या चाळीत तरी वेगळे काय होते? कोणाच्या घरी मयत झाली की शेजारी चूल पेटू देत नसत, जेवण शेजारून येई, वर्गणी काढून तयारी होई. ब्लॉकच्या बंद दारांआड हे हरवत चालले आहे. लडाखींनी त्याला नाव दिले, नियम दिला, म्हणून ते टिकले.

अर्थात, तिथल्या धम्मात देव-देवता, भूतबाधा, लामांचे विधी फार मिसळले आहेत. गोन्पांकडे मोठ्या जमिनी होत्या, शेतकरी त्या खंडाने कसत. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्याला ते सगळे पटणारे नाही. पण आधी माणसे समजून घ्यावीत, मग मत द्यावे.

लोसर आणि ढोलाचा आवाज

लडाखचा मोठा सण लोसर, म्हणजे नवे वर्ष. तिबेटात तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो, लडाखमध्ये बहुधा डिसेंबरात. याची गोष्ट अशी सांगतात की, सतराव्या शतकाच्या आरंभी राजा जामयांग नामग्याल बाल्टिस्तानवर लढाईला निघाला होता. परत येऊ की नाही याची खात्री नाही, म्हणून त्याने सणच दोन महिने आधी करून घेतला. तेव्हापासून तीच रीत पडली. लोसरला घरे रंगवतात, कणकेच्या रानबकऱ्या करतात, पेटत्या मशाली नाचवत गावाबाहेर नेऊन टाकतात. सरत्या वर्षाची पीडा गेली अशी समजूत. त्याच्या थोडे आधी ‘गाल्दन नामचोत’ला घराघरावर दिवे लागतात. उन्हाळ्यात हेमिसला मुखवटे घालून भिक्खूंचे नृत्य होते.

आणि लोसर असो, लग्न असो, धनुर्विद्येचा खेळ असो, ‘दमन’ नावाच्या नगाऱ्याच्या जोडीचा आणि ‘सुरना’ या सनईचा आवाज घुमल्याशिवाय काही सुरू होत नाही. वाजवणारा आला नाही तर लग्न लागत नाही.

पंगतीचे टोक

आता तो नगारा वाजवणारा माणूस कुठे बसतो ते बघा.

लडाखमध्ये पंगतीत बसण्याचा क्रम ठरलेला असतो. राजघराणे आणि लामा वर, मग सरदार, मग सामान्य शेतकरी. अगदी शेवटी, दाराजवळ, मोन, गारा आणि बेदा. मोन म्हणजे वाजंत्री आणि सुतारकाम करणारे. गारा म्हणजे लोहार. बेदा हेही वाजंत्री, पुष्कळसे भूमिहीन, गावोगाव फिरून वाजवून धान्य मागणारे. त्यांच्यात काही मुसलमानही आहेत. परंपरेने शेतकरी त्यांच्या घरी जेवत नसे, त्यांच्या पेल्यातून पीत नसे, त्यांच्याशी सोयरीक करत नसे. गोन्पात भिक्खू म्हणून त्यांच्या मुलांना घेण्यासही आडकाठी असे.

वाचकहो, जरा थांबा. हा हजार वर्षांचा बौद्ध मुलूख. पावलोपावली स्तूप, घराघरात बुद्धमूर्ती. तिथे मनुस्मृती कोणी वाचत नव्हते. तरी पंगतीला टोक होते आणि त्या टोकाला ठरलेली माणसे होती. ज्या चुरपोनने पाण्याची पाळी इतक्या न्यायाने वाटली, त्याच गावात ज्याला जमीनच नाही त्या बेदाला पाळी कुठली? ज्याच्याकडे शेत त्यालाच पाणी, तो न्याय शेताच्या बांधापर्यंतच पोचला.

तथागतांच्या संघात असे नव्हते. शाक्य राजकुमार प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांचा न्हावी उपाली याला आधी दीक्षा देण्यात आली, म्हणजे राजकुमारांनी त्याला वडील भिक्खू म्हणून वंदन करावे. पुढे हाच उपाली विनयाचा सर्वांत मोठा जाणकार ठरला. रस्ते झाडणारा सुनीत त्याच संघात आला. मग जो धम्म न्हाव्याला राजकुमाराच्या आधी बसवतो, त्याच धम्माच्या गावात नगारेवाला दाराशी कसा राहिला? याचे उत्तर एकच. धम्म जेव्हा नुसती परंपरा होतो, वडिलांनी केले म्हणून मुलाने करायचे एवढाच उरतो, तेव्हा जुनी उच्चनीचता त्याच्या चीवराआड खुशाल लपून बसते.

राष्ट्रपतींच्या १९८९ सालच्या आदेशाने लडाखच्या आठ जमातींना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला : बाल्टी, बेदा, बोट, ब्रोक्पा, चांग्पा, गारा, मोन आणि पुरिग्पा. बहुसंख्य बौद्ध शेतकरी ‘बोट’ या नावाखाली येतात. मोन, गारा, बेदा यांची नावे त्यांच्यापासून वेगळी लिहावी लागली, यातच सारे आले. आज शाळेत, कचेरीत, लेहच्या बाजारात ही बंधने पुष्कळ सैल झाली आहेत. तरी लग्नाची गाठ पडताना ‘घर कोणते’ हा प्रश्न निघतोच. वाजवण्याबरोबर कमीपणा येतो म्हणून अनेक मोन-बेदा घरांतल्या तरुणांनी वाद्य खाली ठेवले. आता तिथल्या जाणत्या लोकांना काळजी लागली आहे की जुने सूर मरतील. सूर मरू नयेत हे खरे. पण सूर जगवायचे असतील तर आधी वाजवणाऱ्याला वर बसवा, हे साधे आहे. आपल्याही वाडवडिलांनी गावकीची कामे सोडली ती काही हौसेने नव्हे.

आणि हा पेल्याचा विटाळ आम्हा गिरणी कामगारांना नवीन नाही. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात घेत नसत. का? तर कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावे लागे आणि त्याची लाळ स्पृश्यांना चालत नसे! साचेखात्यात पगार जास्त, म्हणून हा विटाळ थेट पोटावर मारणारा होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठणकावून मांडला. त्याच्या आदल्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले होते. पाणी काय, पेला काय, सूत काय. प्रश्न एकच, माणसाला माणसाच्या शेजारी जागा आहे की नाही?

आपण काय घ्यावे

लडाखची आजची परिस्थितीही बदलते आहे. १९७४ साली तो मुलूख पर्यटकांना खुला झाला. हॉटेले वाढली, पाण्याची मागणी वाढली आणि हिमनद्या आटत चालल्या. ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटी होऊन माणसे आणि घरे वाहून गेली. चेवांग नॉर्फेल या अभियंत्याने हिवाळ्यातले वाया जाणारे पाणी अडवून, गोठवून कृत्रिम हिमनद्या केल्या, म्हणजे पेरणीला पाणी मिळावे. सोनम वांगचुक यांनी बर्फाचे उंच स्तूप उभे केले. नळ आले, पैसा आला, तरी शेवटी पाणी पाळीनेच पुरणार आहे हे तिथली माणसे जाणतात.

आम्हाला लडाखकडून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पहिली, पाळीची. थोडके असले तरी नियमाने वाटले तर सगळ्यांना पुरते. आपल्या विहाराची झाडलोट, वर्गणी, मुलांचा अभ्यासवर्ग, आजाऱ्याची देखभाल ही चार कार्यकर्त्यांच्या गळ्यात न मारता घराघराने पाळीने करता येतील. आपल्या विहाराचा एक फास्पुन होऊ शकतो, कुलदैवताशिवाय!

दुसरी गोष्ट इशाऱ्याची. हजार वर्षे बौद्ध असूनही पंगतीचे टोक आपोआप नाहीसे होत नाही, हे लडाखने दाखवले. मग आपल्याला १९५६ नंतर किती वर्षे झाली याचा हिशेब सांगून काय उपयोग? आजही आपल्यात सोयरीक जमवताना कानाकोपऱ्यात विचारले जाते : कोकणातले की घाटावरचे? पूर्वीचे कोण? पोटजात कोणती? दुसऱ्या जातीतून धम्मात आलेले एखादे कुटुंब विहारात आले, तर त्याला पहिल्या सतरंजीवर जागा करून दिली जाते, की चपलांच्या शेजारी? त्रिशरण-पंचशील तोंडपाठ असून भागत नाही. धम्म आईबापांकडून वारशात मिळतो, समता मात्र प्रत्येक पिढीला आपल्या हाताने करावी लागते.

तेव्हा या वर्धापनदिनाच्या भोजनदानाला पंगत बसेल तेव्हा प्रत्येकाने एवढेच पाहावे की आपल्या पंगतीला टोक आहे का, आणि असल्यास तिथे कोण बसले आहे. त्याच्या शेजारी जाऊन बसावे.

जयभीम! नमो बुद्धाय!